वेगळे राहायचे, पण नेमके कशापासून?

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. माझे माहेर आणि सासर दोन्ही तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती आहेत. लहानपणापासून मी गावातल्या जुन्या मंडळीत (चर्चमध्ये) वाढले, पण दोन वर्षांपूर्वी शहरातल्या एका प्रार्थना-संगतीत जाऊ लागले आणि तिथे मी पहिल्यांदा पवित्र शास्त्र मनापासून वाचायला शिकले. संगतीचे पाळक सांगतात की विश्वासी माणसाने जगापासून वेगळे झालेच पाहिजे. त्यांच्या सांगण्यावरून मी घरातला टीव्ही बंद केला, शेजारणींकडे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाणे सोडले, मुलाला शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या लेझमीतून काढले. मंगळसूत्रही काढावे असे ते म्हणतात, पण माझा धीर होत नाही. शाळेत गणेशोत्सवात आरतीचे ताट धरण्याची पाळी शिक्षिकांवर येते, तेव्हा काय करावे हे कळत नाही. कोणी प्रसाद दिला तर मी गोंधळते. मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाचे लग्न आहे. हळदीला डीजे आणि काही जणांची दारू असणार, म्हणून लग्नाला जाऊ नये असे संगतीत ठरले. मुलीकडचे चारचाकी देणार आहेत, पण तो मोठ्यांचा विषय आहे. जुन्या मंडळीत जाणे मी बंद केल्यापासून आई माझ्याशी धड बोलत नाही. ख्रिस्ती माणसाने जगापासून किती वेगळे राहावे, हे मला स्पष्ट सांगा.

उत्तर

प्रिय भगिनी,

प्रभूमध्ये सलाम. ज्या संगतीत तुम्हांला वचनाची गोडी लागली तिच्याविषयी तुमच्या मनात कृतज्ञता आहे आणि ती तशीच राहावी. पुढे मी काही बाबतींत त्या पाळकांपेक्षा वेगळे मत देणार आहे, परंतु तुमच्या हाती पवित्र शास्त्र आले हे त्यांचे ऋण त्यामुळे कमी होत नाही. तुमचा प्रश्नही अगदी खरा आहे. "देव अंतःकरण पाहतो, बाकी सगळे चालते," असे म्हणून या प्रश्नाची बोळवण करणारे लोक आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ आहेत, आणि त्यांनी पौलाचे रोमकरांस पत्र बाराव्या अध्यायापर्यंत वाचलेले नसावे, असे मला वाटते. या युगाच्या साच्यात स्वतःला बसवून घेऊ नका, ही आज्ञा तिथे स्पष्ट आहे आणि ती सर्वांना आहे.

मात्र प्रभू येशूने वधस्तंभाच्या आदल्या रात्री शिष्यांसाठी जी प्रार्थना केली, ती योहानाच्या सतराव्या अध्यायात पुन्हा एकदा सावकाश वाचा. यांना जगातून काढून घे, असे तो पित्याला म्हणत नाही. यांना वाइटापासून राख, असे म्हणतो, आणि लगेच पुढे, जसे तू मला जगात पाठवलेस तसे मी यांना जगात पाठवले, असेही म्हणतो. पौलाला तर करिंथकरांचा याच बाबतीत झालेला गैरसमज दूर करावा लागला होता. पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात तो लिहितो की, जारकर्मी, लोभी आणि मूर्तिपूजक यांची संगत धरू नका असे मी लिहिले ते बाहेरच्या जगातल्या लोकांविषयी नव्हे, कारण तसे असते तर तुम्हांला जगातूनच निघून जावे लागले असते. जो स्वतःला बंधू म्हणवतो आणि तरीही लोभी, निंदक, मद्यपी किंवा लोकांना लुबाडणारा आहे, त्याच्याविषयी पौल बोलत आहे. म्हणजे वेगळे होण्याची रेघ त्याने शेजारच्या घराच्या उंबऱ्यावर न ओढता मंडळीच्या आत ओढली. तुमच्या पत्राला उत्तर देताना मला हे वचन पुन्हापुन्हा आठवत राहिले.

आधी प्रसादाचे आणि हळदीकुंकवाचे पाहू, कारण रोजच्या व्यवहारात अडखळायला होते ते तिथेच. करिंथमध्ये देवळात अर्पण झालेले मांस बाजारात विकायला येत असे आणि ओळखीच्या लोकांच्या घरी जेवणात वाढले जात असे, त्यामुळे तिथल्या विश्वासी लोकांपुढे तुमच्यासारखाच पेच होता. पौलाने दिलेले उत्तर दोन भागांचे आहे. मूर्तीच्या पूजेत भाग घेणे आणि प्रभूच्या मेजात भाग घेणे या दोन गोष्टी एकत्र होऊ शकत नाहीत, यावर तो तसूभरही मागे हटत नाही. पण विश्वास न ठेवणाऱ्या कोणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले तर जा, जे वाढले असेल ते खा, उगाच चौकशी करू नका, असेही तो सांगतो; फक्त कोणी मुद्दाम म्हणाले की हे अर्पण केलेले आहे, तर सांगणाऱ्याच्या विवेकासाठी खाऊ नका. हा नियम आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडतो, असे माझे मत आहे. कोणी सत्यनारायणाचा शिरा प्रसाद म्हणून हातावर ठेवू लागले तर हात जोडून, हसतमुखाने, "मी ख्रिस्ती आहे, प्रसाद घेत नाही, पण तुम्ही आठवणीने आणलात याचा आनंद वाटला," एवढे म्हणावे. मात्र बढतीचे पेढे, दिवाळीचा फराळ, बारशाचे जेवण यांच्याविषयी, हे देवापुढे ठेवले होते का, अशी उलटतपासणी करत बसू नये. आपल्या मंडळ्यांमध्ये याविषयी एकमत नाही, हे मी जाणतो. ज्यांचा विवेक फराळालाही नको म्हणतो त्यांना मी दोष देणार नाही, पण त्यांनीही खाणाऱ्याला दोष देऊ नये.

शेजारणींकडे संक्रांतीला जाणे तुम्ही सोडलेत, त्याचे मला वाईट वाटले. तिळगूळ घेऊन गोड बोलण्यात ख्रिस्ती विश्वासाला बाधा येईल असे काही नाही, आणि वर्षभरात ज्या थोड्या प्रसंगी त्या स्त्रिया घराबाहेर पडून एकमेकींची विचारपूस करतात त्यांतला हा एक प्रसंग आहे. तुम्ही कुंकू लावत नसाल तर करंडा पुढे आल्यावर शांतपणे नको म्हणा, वाण घ्या, बसा, बोला. त्या शेजारणींपैकी एखादी उद्या आजारी पडली, एखादीचा नवरा गेला आणि तिला याच हळदीकुंकवातून वगळले जाऊ लागले, तर तिच्या दाराशी जायला तुम्हांला आजची ओळख लागणार आहे. निर्मळ धर्माचरण कशाला म्हणावे हे सांगताना याकोबाने अनाथांचा व विधवांचा समाचार घेणे आणि स्वतःला जगापासून निष्कलंक राखणे या दोन्ही गोष्टी एकाच वचनात सांगितल्या आहेत. पहिली गोष्ट सोडून दुसरी साधत नाही.

शाळेतल्या आरतीचे ताट तुम्ही धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण ते पूजेतले काम आहे. पण हे त्या दिवशी, सगळ्यांसमोर, ताट पुढे आल्यावर सांगायचे नसते. उत्सवाच्या आधी पंधरा दिवस मुख्याध्यापकांना एकट्यांना भेटा आणि सांगा की माझ्या विश्वासामुळे मला हे काम करता येणार नाही, त्याऐवजी मुलांच्या रांगा, पाण्याची व्यवस्था, जेवणानंतरची आवराआवर असे दुसरे कोणतेही काम माझ्याकडे द्या. बहुतेक मुख्याध्यापक हे समजून घेतात, विशेषतः दुसरे काम जास्त कष्टाचे असेल तेव्हा. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २५ ने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य तुम्हांला दिलेले आहे, हे लक्षात असू द्या, पण बोलण्याची सुरुवात कायद्याने करू नका. आणि आरती चालू असताना वर्गातली मुले सांभाळत मागे उभे राहावे लागले तर त्यासाठी स्वतःला अपराधी समजू नका. अरामी सेनापती नामान याने अलीशा संदेष्ट्याला विनवले होते की, माझा धनी रिम्मोनाच्या देवळात माझ्या हाताचा आधार घेऊन नमन करील तेव्हा मलाही वाकावे लागेल, परमेश्वराने त्याची क्षमा करावी. त्यावर संदेष्ट्याने त्याला लांबलचक उपदेश केला नाही, शांतीने जा, असे म्हटले. चाकरी करणाऱ्या माणसाची अडचण त्या देवाच्या माणसाला कळत होती.

मंगळसूत्राविषयी थोडक्यात सांगतो. महाराष्ट्रातल्या असंख्य ख्रिस्ती स्त्रिया क्रूस असलेले मंगळसूत्र घालतात आणि अनेक मंडळ्यांत ते वेदीपुढे प्रार्थनेसह घातले जाते. तुमच्या पाळकांचा आधार बहुधा पेत्राच्या पहिल्या पत्रातला तिसरा अध्याय असावा. तिथे सोन्याच्या दागिन्यांबरोबर केस गुंफण्याचा आणि वस्त्रे नेसण्याचाही उल्लेख आहे, आणि वस्त्रे नेसू नका असा त्याचा अर्थ कोणी करत नाही. स्त्रीची शोभा या बाहेरच्या गोष्टींवर अवलंबून नसावी, श्रीमंतीचे प्रदर्शन नसावे, हे पेत्राला सांगायचे आहे. दोन वाट्या आणि काळे मणी यांत प्रदर्शन ते कसले? धीर होत नाही म्हणून ते गळ्यात ठेवलेत, आता विचारपूर्वक ठेवा.

लेझमीचेही तसेच. स्तोत्रसंहितेच्या शेवटच्या दोन स्तोत्रांत डफ आणि नृत्य यांनी देवाची स्तुती करण्यास सांगितले आहे. अहमदनगरच्या ख्रिस्ती मंडळीने एकोणिसाव्या शतकातच कीर्तनाचा प्रकार आपलासा केला होता, आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांतून ख्रिस्ताचे नाव मराठी माणसाच्या ओठांवर आणले. त्यांनी टाळ-मृदंग जगिक मानला असता तर आज आपल्या उपासनेत आपण काय गायलो असतो, याचा विचार संगतीतल्या बंधूंनी जरूर करावा. मुलाला पुढच्या वर्षी लेझमीत घाला. गाण्याचे शब्द अश्लील असतील तर मात्र खुशाल काढून घ्या आणि का काढले हे त्याला समजेल अशा भाषेत सांगा.

हे सगळे सांगितले म्हणजे वेगळेपण उरतच नाही, असे तुम्हांला वाटेल. तसे नाही, म्हणूनच मी तुम्हांला पंडिता रमाबाईंकडे पाहायला सांगेन. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर तिथल्या मठातल्या भगिनींनी (नन) त्यांना इंग्रजी चर्चच्या चालीरीतींत बसवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला, पण रमाबाई शाकाहारीच राहिल्या, विधवेचे पांढरे लुगडे नेसत राहिल्या, आणि क्रूसावरची अक्षरे लॅटिनच का असावीत, संस्कृत का नसावीत, असा वाद त्यांनी घातला. अन्न, वस्त्र आणि भाषा या बाबतींत त्या आपल्या लोकांपासून वेगळ्या झाल्या नाहीत. पण ज्या समाजात विधवेला अपशकुनी मानून कोपऱ्यात ढकलले जाई, त्या समाजाच्या त्या रीतीशी त्यांनी उभा दावा मांडला. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले, १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवा आणल्या, केडगावला मुक्ती मिशन उभे केले. त्या काळच्या पुण्यात त्यांच्यावर जी टीका झाली ती पेहरावावरून नव्हे, तर सदनातल्या विधवा ख्रिस्ती होतात या आरोपावरून झाली. लुगडे तर त्यांनी बदललेच नव्हते. दुसऱ्या शतकाच्या सुमारास डायोग्नेटस नावाच्या गृहस्थाला लिहिलेल्या एका ग्रीक पत्रातही हेच चित्र दिसते: ख्रिस्ती लोक देश, भाषा आणि पेहराव यांवरून ओळखू येत नाहीत, ते ज्या गावात राहतात तिथल्या रीतीने जेवतात आणि कपडे घालतात, इतरांप्रमाणे लग्न करतात, त्यांनाही मुले होतात, पण ते जन्मलेली बालके टाकून देत नाहीत. त्या काळी नको असलेले मूल उघड्यावर टाकणे ही रोमी समाजातली सर्रास चाल होती.

आता मी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याकडे येतो, कारण ते वाचल्यापासून माझे मन तिथेच अडकले आहे. मंगळसूत्र, टीव्ही, लेझीम, प्रसाद यांविषयी तुम्ही पानभर लिहिलेत, आणि मुलीकडचे चारचाकी देणार आहेत, हे अर्ध्या ओळीत लिहून, तो मोठ्यांचा विषय आहे, असे म्हणून पुढे गेलात. संगतीत भावाच्या लग्नाविषयी चर्चा झाली तेव्हा डीजेची झाली, दारूची झाली, आणि गाडीविषयी कोणी चकार शब्द काढला नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. भगिनी, तुमच्या घरात जग जर कुठून आत येत असेल तर ते या दारातून येत आहे. पहिल्या योहानाच्या पत्रात जगातल्या गोष्टींची जी यादी आहे, देहाची वासना, डोळ्यांची वासना आणि संसाराविषयीची फुशारकी, त्यांतल्या शेवटच्या दोन्ही गोष्टी नवरदेवाच्या दारात फुले लावून उभ्या केलेल्या त्या गाडीत बसलेल्या असतात. "आम्ही मागितले नाही, त्यांनीच राजीखुशीने दिले," हे आपल्या समाजातले ठरलेले उत्तर आहे. त्या मुलीच्या वडिलांनी ही खुशी कोणत्या कर्जावर उभी केली, शेत गहाण ठेवले की भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढली, हे कोणी विचारत नाही. बैठकीत मानपान ठरत असताना प्रार्थनेने सुरुवात आणि आशीर्वचनाने शेवट होतो, हे मी ख्रिस्ती घरांमध्येच पाहिले आहे आणि त्याची मला लाज वाटते. १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे ठरवले आहेत आणि त्यासाठी किमान ५ वर्षांची कैद सांगितली आहे. म्हणजे ज्या जगापासून आपण वेगळे व्हायचे म्हणतो त्या जगाचा कायदासुद्धा या बाबतीत आपल्या घरांच्या पुढे आहे.

तेव्हा लग्नाला जायचे की नाही, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा आणि लग्नाच्या कितीतरी आधी भावाला भेटा. तो धाकटा आहे, तुमचे ऐकण्याची सवय त्याला असेल. वडीलधाऱ्यांसमोर नको, त्याच्याशी एकट्याशी बोला, आणि गाडीचे बुकिंग होण्याआधी बोला, कारण पैसे भरले गेले की प्रत्येक जण, आता काय उपयोग, असे म्हणेल. त्याला दोष देत सुरुवात करू नका. पत्नीच्या वडिलांनी कर्ज काढून घेतलेल्या गाडीत तिला शेजारी बसवून तू उपासनेला जाशील तेव्हा तिच्या मनात काय येईल, एवढेच विचारा. त्याला गाडी हवी असेल तर तो नोकरी करतो, दोघे मिळून हप्त्याने घेतील, असे सांगा. तो तयार झाला तर घरच्यांना सांगताना त्याच्या बाजूने उभ्या राहा, कारण आईवडील सगळा राग तुमच्यावर काढतील आणि, संगतीने हिला बिघडवले, असे म्हणतील. ते सहन करा. ख्रिस्तासाठी वेगळे झाल्यामुळे सोसावे लागते, असे शास्त्र म्हणते, ते अशाच सोसण्याविषयी.

भावाने नाही ऐकले, तरीही लग्नाला जा. तो तुमचा भाऊ आहे, आणि येणारी मुलगी या सगळ्यात निर्दोष आहे. तिला या घरात पहिल्या दिवसापासून एक तरी माणूस आपले वाटले पाहिजे. मात्र देण्याघेण्याच्या बैठकीत बसू नका, आणि नवरदेवाची बहीण म्हणून मुलीकडून मानाची साडी येईल ती घेऊ नका. का घेत नाही, हे विचारणाऱ्याला सांगा, न विचारणाऱ्याला सांगू नका. हळदीला बायका गाणी म्हणत असतील तोवर थांबा, दारू सुरू झाली की मुलाला घेऊन घरी या. मानाची साडी नाकारणे हे प्रसाद नाकारण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे, हे तुम्हांला त्या दिवशी कळेल, कारण प्रसाद नाकारल्यावर संगतीत कौतुक होते आणि साडी नाकारल्यावर आपलीच माणसे दुखावतात.

हुंड्याच्या जोडीला आपल्या घरांत आणखी एक गोष्ट निमूटपणे राहते, ती म्हणजे जात. स्थळ पाहताना बाप्तिस्म्याचा दाखला मागितला जातो आणि मग आवाज खाली करून, "मूळचे कोण?" असे विचारले जाते. ना. वा. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांनी आपल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की पतीच्या बाप्तिस्म्यानंतरही त्या सोवळेओवळे पाळत होत्या, आणि जातिभेद माणसाने केलेला आहे हे पटल्यावर त्यांनी आधी तो सोडला, बाप्तिस्मा त्यानंतर घेतला. आपल्यापैकी कित्येकांनी बाप्तिस्मा आधी घेतला आणि ती दुसरी गोष्ट तीन पिढ्या झाल्या तरी बाकीच ठेवली. तुमच्या भावाच्या लग्नात हा प्रश्न होता की नाही, मला माहीत नाही. तुमच्या मुलाच्या वेळी तो येईल, आणि त्याची तयारी त्याच्या लहानपणीच करावी लागते: कोण कोणाकडे जेवायला जाते, कोणाला आपण घरात बोलावतो, कोणाचा उल्लेख कोणत्या सुरात करतो, हे मुले न सांगता शिकतात.

टीव्ही बंद केलात, चांगले केलेत. पण घरात मोबाइल आहे ना? त्यावर दिवसाचे किती तास जातात आणि ते पाहून झाल्यावर स्वतःच्या घराविषयी असमाधान वाढते की कमी होते, हे प्रामाणिकपणे तपासा. ख्रिस्ती प्रवचनांच्या चित्रफितीही यातून सुटत नाहीत. "विश्वास ठेवला आणि फ्लॅट मिळाला, दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) दिला आणि गाडी मिळाली," अशा साक्षी हल्ली फार ऐकू येतात. देवाने दिलेल्या गोष्टींबद्दल आभार मानणे योग्यच आहे, पण ज्या साक्षीत येशू हा गाडी मिळवून देणारा म्हणून उभा केला जातो ती साक्ष जगाचीच आहे, तिच्यात फक्त वचने घातलेली आहेत. तुमच्या भावाला मिळणारी चारचाकीसुद्धा उद्या एखाद्या सभेत आशीर्वाद म्हणून सांगितली जाऊ शकते, आणि ऐकणारे "हालेलुया" म्हणतील.

शिक्षिका म्हणून तुमच्याजवळ वेगळे राहण्याची जी जागा आहे तिचा तुम्ही उल्लेख केला नाहीत. दानीएलाला बाबेलात नेले तेव्हा त्याने तिथली भाषा आणि विद्या शिकून घेतली, बाबेलच्या दैवताच्या नावावरून ठेवलेले बेल्टशस्सर हे नावही त्याला दिले गेले, त्यावरून त्याने भांडण केले नाही. राजाचे अन्न त्याने नाकारले आणि प्रार्थना थांबवण्याचा हुकूम मोडला. पण सहाव्या अध्यायात त्याचे वैरी त्याच्या कारभारात खोट शोधायला निघाले तेव्हा त्यांना ना भ्रष्टाचार सापडला ना हयगय, आणि शेवटी त्याच्या देवाच्या नियमशास्त्राखेरीज त्याला पकडायला दुसरे काही नाही, असे त्यांना कबूल करावे लागले. पोषण आहाराच्या नोंदवहीतली हजेरी, रजेचे अर्ज, प्रवासभत्त्याची बिले, न झालेल्या तासांच्या भरलेल्या नोंदी, या ठिकाणी "सगळेच करतात" हे वाक्य रोज ऐकू येते. आरतीचे ताट वर्षातून एकदा येते. नोंदवही रोज येते. मुख्याध्यापकांनी तुमचा कारभार असा चोख पाहिला असेल तर, आरतीचे काम मला नको, हे तुमचे म्हणणे त्यांना हट्ट वाटणार नाही.

शेवटी तुमच्या आईविषयी आणि संगतीविषयी. मार्काच्या सातव्या अध्यायात येशूने ज्या परूश्यांना (नियमशास्त्र कडकपणे पाळणाऱ्या यहूदी पंथाच्या लोकांना) फटकारले ते आईवडिलांना द्यायचे ते देवाला वाहिले आहे असे सांगून मोकळे होत होते. आईचे मन मोडून मिळवलेले वेगळेपण त्याला मान्य होईल असे मला वाटत नाही. ज्या जुन्या मंडळीला तुमच्या संगतीत नावापुरती ख्रिस्ती म्हणतात, तिथेच तुमचा बाप्तिस्मा झाला आणि तिथेच आईने तुम्हांला प्रभूची प्रार्थना पाठ करून घेतली. तिथे थंडपणा असेल, पाळक-पंचांची भांडणे असतील, तरीही महिन्यातून एखाद्या रविवारी आईबरोबर त्या बाकावर बसा आणि शक्यतो प्रभुभोजनाचा रविवार निवडा. तिच्याशी वाद न घालता, संगतीत काय शिकलात ते तिने विचारले तर सांगा.

संगत सोडावी की नाही, हे तुम्ही विचारलेले नाही आणि मी घाईने सोडा असेही म्हणणार नाही. शिवू नको, चाखू नको, हात लावू नको, अशा नियमांना शहाणपणाचा डौल असतो, पण देहाच्या वासनेला आवर घालायला ते काही कामाचे नसतात, असे पौलाने कलस्सैकरांना लिहिले आहे. ते दुसऱ्या अध्यायाचे शेवटचे भाग पाळकांसोबत बसून वाचा. मग त्यांना सांगा की भावाच्या लग्नात चारचाकी घेऊ नये यासाठी मी त्याच्याशी बोलणार आहे, तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना करा, आणि संगतीतल्या तरुणांना हुंडा न घेण्याविषयी वेदीवरून एकदा सांगा. ते आनंदाने तयार झाले तर तुमच्या शहरात एक चांगली संगत आहे, तिथे राहा आणि बाकीच्या गोष्टींवर त्यांच्याशी आदराने मतभेद ठेवा. त्यांनी विषय टाळला आणि पुन्हा मंगळसूत्राकडे वळले, तर मला पुन्हा लिहा, पुढे काय करायचे ते तेव्हा पाहू. भावाला मात्र या आठवड्यातच भेटा.